न वाजवलेला सूर



यंदा क्षमावाणीच्या दिवशी मी नेहमीप्रमाणे मंदिरात सगळ्यांना हात जोडले, घरी येऊन नातेवाइकांना फोन केले. नातवासमोर मात्र जीभ अडखळली. बाकीच्यांची क्षमा आपण ‘जाणता-अजाणता’ म्हणून मागतो. याच्या बाबतीतली चूक मला पुरती ठाऊक होती.

नातू सतरा वर्षांचा, गिटार वाजवतो. आमचं घर इतवारीत, जुनं, शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत लागून. म्हणून त्याच्या बाबांनी मोठा अँप्लिफायर आणू दिला नाही. त्याऐवजी गिटारची वायर एका लहानशा डबीत, डबीची वायर लॅपटॉपला आणि लॅपटॉपवर एक प्रोग्रॅम. त्याला अँप मॉडेलर म्हणतात. आपल्या लहानपणी रेडिओत काचेचे व्हॉल्व तापून लाल दिसायचे, आठवतं? गिटारच्या जुन्या अँपमध्येही तेच व्हॉल्व. आवाज फार चढवला की सूर फाटतो, आणि त्या फाटण्याचीच या मुलांना गोडी. मॉडेलर ते फाटणं गणिताने घडवतो. लाइन सिक्स या अमेरिकन कंपनीने असा अँप १९९६ मध्येच बाजारात आणला होता. आमच्या घरी तो यायला इतकी वर्षं लागली एवढंच.

एक गोष्ट मी आधीच विचारून घेतली होती, तुम्हीही विचारली असती. तारा कशाच्या? पूर्वी गिटारला जनावरांच्या आतड्याच्या तारा असत. याच्या पोलाद आणि निकेलच्या आहेत. मन निश्चिंत झालं.

श्रावणातली गोष्ट. संध्याकाळी सामायिक आटोपून उठले तर हा वाजवत होता. वरच्या सुरांत बोटं फिरत होती आणि मधूनच खाली एक भलताच सूर उमटत होता. तीस वर्षं मंदिराच्या भजनी मंडळात हार्मोनियमवर गाते आहे, माझ्या कानाने तो लगेच टिपला. त्या दिवशी त्याची आत्या घरी आलेली. तिच्या मुलांसमोर मी म्हणाले, “बेसूर वाजवतोस रे. आधी हात पक्का कर, मग यंत्रं आण.”

“आजी, तो सूर मी वाजवलेलाच नाही.”

“मग काय भुताने वाजवला?”

सगळे हसले. त्याने गिटार खोळीत घातली, ती दोन आठवडे बाहेर आली नाही.

एका रात्री मी ओटा आवरत होते तेव्हा तो मागे येऊन उभा राहिला. “आजी, तो सूर तुला खरंच ऐकू आला ना? बाबांना येत नाही. मला वाटायला लागलंय की माझे कानच खराब आहेत.” मला काही सुचेना. हात कच्चा म्हणताना मी त्याच्या कानावरचा विश्वासही काढून घेतला होता.

मी १९८० साली बी.कॉम. झाले. संगणकातलं मला फारसं कळत नाही, पण तेरीज जुळली नाही तर काय करायचं ते कळतं. फरक उचंती खात्यात ढकलून मोकळं व्हायचं नाही. फरकाला नवाने भाग जातो का पाहायचं. जात असेल तर बहुधा कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालेली असते, ५४ चे ४५. आणि एका वेळी एकच नोंद तपासायची. मी म्हटलं, “काढ गिटार. एकेक गोष्ट बदलून बघू.”

पहिला होता गुणगुणाट. तो काही न वाजवताही यायचा. लॅपटॉपचा चार्जर काढला आणि थांबला. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते, तिचा गुणगुणाट ५० आणि १०० वर उमटतो. पाश्चात्त्य स्वरांतला ‘जी’ ४९ आणि ९८ वर. म्हणजे सुराच्या अगदी शेजारी, पण सुरात नाही. कानाला टोचायचा तो म्हणून. घरातलं ते बोर्ड जुनं दोन पिनांचं, अर्थिंगच नाही. वायरमन बोलावून तीन पिनांचं, अर्थिंगचं करून घेतलं. बायांनो, तिसरी पिन बसत नाही म्हणून तोडू नका. ती जीव वाचवायला असते.

दुसरी झिणझिण होती. लॅपटॉप बंद करून नुसती गिटार वाजवली तरी ती होतीच, म्हणजे यंत्र निर्दोष. तिसरी तार जुनी झाली होती आणि एका पट्टीला घासत होती. तार बदलली.

राहिला तो भुताचा सूर. नातवाला मी एकेक घर वर चढत वाजवायला सांगितलं. तो वर जात होता आणि तो परका सूर खाली उतरत होता! तिथेच माझी खात्री पटली. हात चुकला तर चूक हाताबरोबर वर जाईल, उलट्या दिशेने कशी जाईल?

मग नातवाने शोधून काढलं ते असं. संगणक आवाज सलग ऐकत नाही, त्याचे नमुने घेतो. आमच्याकडे सेकंदाला ४८,०००. (अठ्ठेचाळीस म्हटलं की आपल्याला सामायिकाची मिनिटं आठवतात.) त्याच्या निम्म्यापर्यंतचे, म्हणजे २४,००० पर्यंतचे सूर तो नीट धरतो. पण सूर फाडताना गणितातून त्याच्याही वरचे सूर तयार होतात आणि ते घडी पडल्यासारखे खाली येतात. ४६,००० चा सूर २,००० होऊन ऐकू येतो आणि ४७,००० चा १,००० होऊन. वर जाल तसा खाली. सिनेमात टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं ना, तसंच.

उपायही प्रोग्रॅममध्येच होता. ओव्हरसॅम्पलिंग नावाची सोय बंद होती, ती चालू केल्यावर आतलं गणित जास्त नमुन्यांवर होऊ लागलं. आवाज फाडण्याचं बटण शेवटपर्यंत पिळलेलं होतं, ते खाली आणलं. भूत गेलं.

तरी एक घुमारा उरला. सा आणि ग एकत्र वाजवून फाडले की यायचा, सा आणि प वाजवले की नाही. त्याचा हिशेब मी कागदावर मांडला. सा २२० धरला तर शुद्ध गंधार २७५. फाटताना त्यांच्या वजाबाकीचा सूरही उमटतो, ५५, म्हणजे दोन सप्तकं खालचा सा. चोख जुळलं. पण गिटारच्या पट्ट्या समान स्वरांतराच्या बेतल्या असल्याने तिचा गंधार २७७ च्या थोडा वर पडतो. वजाबाकी ५७, धड सा नाही, धड रे नाही. हा दोष ना हाताचा ना यंत्राचा. म्हणूनच असा फाटका आवाज वाजवणारे बहुतेक सा-प च्या जोडीवर राहतात.

मला आपला तंबोरा आठवला. तो छान लागला की गंधाराची तार नसतानाही गंधार ऐकू येतो. स्वयंभू गंधार म्हणतात त्याला. खर्जाच्या सुरातच तो पाचव्या पटीने दडलेला असतो. तंबोऱ्यातल्या न वाजवलेल्या सुराला आपण मान डोलावतो आणि पोराच्या गिटारमधल्या न वाजवलेल्या सुराला मी त्याचा दोष ठरवलं.

यंत्र दुरुस्त झालं, गिटार वाजू लागली आणि फिटंफाट झाली असं मी धरून चालले. क्षमावाणीला कळलं की माझ्याकडची नोंद तशीच उघडी आहे. मग त्याच्या खोलीत गेले. नुसतं ‘उत्तम क्षमा’ म्हटलं नाही. म्हणाले, “आत्यासमोर तुला बेसूर म्हणाले, भुतावरून हसले. तू खरं सांगत होतास. मला क्षमा कर.”

तो लाजला. “असू दे गं आजी.”

मग आत्यालाही फोन लावला, मुलांना स्पीकरवर घ्यायला सांगितलं. हसले होते चारचौघांत, मग चूकही चारचौघांतच सांगायला हवी होती.

फोन ठेवला तर हा हेडफोन घेऊन दारात उभा. “आजी, आता ऐक. काही परकं येतंय का सांग.”

मी डोळे मिटून ऐकलं. काही नव्हतं. एका ठिकाणी त्याचं बोट खरंच चुकलं, तेवढं सांगितलं.