बर्फाची उतरण

आम्हां सोलापूरकरांची बर्फाशी ओळख सरबताच्या गाडीपलीकडे सहसा जात नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडणारे आमचे गाव. गड्ड्याच्या यात्रेतली जानेवारीची थंडीदेखील एका चादरीत भागते. उतार म्हणाल तर तुळजापूरचा घाट, फार झाले तर चिपळूणच्या वाटेवरचा कुंभार्ली. बर्फाने मढलेला उतार मोटारीने उतरणे म्हणजे काय, हे कळायला आम्हांला थेट मनाली गाठावी लागली.

पूर्वी हिवाळ्यात 13,000 फुटांवरची रोहतांग खिंड बंद झाली, की पलीकडचे लाहौल महिनोन्‌महिने जगापासून तुटे. ऑक्टोबर 2020 मध्ये अटल बोगदा खुला झाला आणि ऐन जानेवारीतही आपल्यासारखी मैदानी मंडळी दहा हजार फुटांवर पोहोचू लागली. बोगदा नऊ किलोमीटरांचा. पण त्यातून बाहेर पडल्यावर सोलंगकडे उतरणारा रस्ता उघड्यावरच आहे.

सिस्सू पाहून आम्ही परतत होतो. बोगदा संपताच आमच्या पन्नाशीतल्या कुलूच्या चालकांनी जीप थांबवली, एक लहान दांडा ओढून गाडी सर्वांत जड गिअरमध्ये घातली, आणि माणूस चालेल इतक्याच वेगाने सोडली. आमचे कॉलेजात जाणारे चिरंजीव उतावीळ झाले. “काका, हिची चारही चाके ओढतात ना? मग भीती कसली?”

“बेटा,” ते हिंदीत म्हणाले, “चढताना चार चाकांचा उपयोग. थांबताना सगळ्याच गाड्यांना चार चाके!”

किती खरे! चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळाला, की चढ सोपा होतो. पण बर्फाला टायरची पकड वाढत नाही. ओलसर बर्फावर दहा फुटांना एक फूट उतार असला, तरी उत्तम ब्रेकही गाडी थांबवीलच असे नाही. म्हणून वेग मुळात वाढू द्यायचा नाही. जड गिअर, क्लचवरून पाय दूर, आणि इंजिनालाच गाडी धरू द्यायची. ब्रेक दाबायचा तो अलगद. चाके अडकून गाडी घसरू लागली, तर पाय उचलायचा, म्हणजे चाके पुन्हा फिरून सुकाणू ऐकतात. सावलीतली वळणे आणि पूल आधी गोठतात, तिथे दुप्पट सावधगिरी.

एवढ्यात एक नवी कोरी गाडी आम्हांला मागे टाकून गेली. पुढच्या वळणावर तिचे लाल दिवे लागले, चाके थांबली; गाडी मात्र थांबली नाही! आडवी होत ती डोंगराच्या बाजूच्या बर्फात रुतली. दुसऱ्या बाजूला दरी होती. आतली लेकरे रडत होती. सुदैवाने कोणाला खरचटलेही नाही. आमच्या काकांनी उतारावर जीप उभी केली नाही. खाली सपाटीवर नेऊन लावली आणि दोर घेऊन पायी वर गेले. चिरंजीव मुकाट्याने त्यांच्यामागे निघाले.

ज्या गिअरमध्ये चढाल त्यातच उतरा, असे आपल्या घाटांतले जुने चालक सांगतात. बर्फावर त्याहूनही जड गिअर हवा. तेव्हा वाचकहो, यंदा हिमाचलचा बेत असेल, तर गाडी ठरवताना चाकांना बांधायच्या साखळ्या आहेत का, हे आधी विचारा; आणि चालक सावकाश निघाला, तर त्याला घाई करू नका. उतरणीवरची सुरक्षितता वळणावर नव्हे, माथ्यावरच ठरते.