सुताराचे घर

तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु हे गाव लागते. रामेश्वरच्या यात्रेकरूंची सोय व्हावी म्हणून तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे मुक्तांबाळ छत्र उभारले. बांधणारा एक आणि विसावणारे अनेक, हा छत्राचा धर्म. गावाभोवतीच्या नारळबागांत तोच धर्म एक पक्षी पाळत आला आहे.

तमिळ माणूस त्याला ‘मरंकोत्ति’, म्हणजे झाड कोचणारा, म्हणतो. मराठी माणूस ‘सुतार’ म्हणतो. सोनेरी पाठीचा आणि लाल तुऱ्याचा हा सोनपाठी सुतार शेपटीचा टेकू देऊन खोडाला चिकटून बसतो आणि चोचीच्या घावांनी ढोली कोरतो. त्यासाठी तो बहुधा वाळलेले, शेंडा गेलेले खोड निवडतो. पिल्ले उडून गेली की ढोली रिकामी होते. मग मैना, पोपट, दयाळ, पिंगळा यांपैकी कोणीतरी तेथे बिऱ्हाड थाटते. त्यांना ढोली हवी असते, पण ती कोरता येत नाही.

१६ नोव्हेंबर २०१८ रोजी पहाटे ‘गजा’ चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आदळले. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील लाखो नारळ एका रात्रीत आडवे झाले. ओरत्तनाडु-पट्टुकोट्टै भागातील बागाईतदारांची वर्षानुवर्षांची मेहनत मातीला मिळाली. रोप पुन्हा लावता येते; पण उंच जातीच्या नारळाला फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात आणि ढोलीजोगे जुने खोड तयार व्हायला त्याहून कितीतरी अधिक.

पक्ष्यांची संख्या जुन्या झाडांशी कशी बांधलेली असते, हे दूरच्या एका वाळवंटात अधिक स्पष्ट दिसते. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात ‘हीला’ नावाचा सुतार सग्वारो या उंच निवडुंगात ढोली कोरतो आणि आतला ओला गर सुकून कठीण होईपर्यंत काही महिने थांबतो. शेजारच्या कॅलिफोर्नियात कोलोरॅडो नदीकाठची झाडी तोडली गेली. उरलेल्या ढोल्यांवर साळुंकीच्या कुळातील, युरोपातून आणलेल्या एका पक्ष्याने हक्क सांगितला. ॲरिझोनात सहज दिसणारा हा सुतार तेथे इतका घटला, की १९८८ मध्ये त्या राज्याने त्याला संकटग्रस्त ठरवले.

सोनपाठी सुतारावर अशी वेळ आलेली नाही. भारताच्या बहुतेक भागांत तो आजही दिसतो. पण त्याची संख्या टिकते ती उभ्या खोडांच्या बळावर, आणि येथेच बागाईतदारासमोर खरा पेच उभा राहतो. मेलेल्या, कुजणाऱ्या खोडांत गेंड्या भुंगा वाढतो आणि नव्या नारळाचा कोवळा शेंडा पोखरतो. म्हणून अशी खोडे हटवावीत, हा कृषितज्ज्ञांचा सल्ला योग्यच आहे. ज्याची बाग एकदा उद्ध्वस्त झाली, त्याला ‘पक्ष्यासाठी आणखी एक धोका पत्कर’ असे कोणी सांगावे?

तरीही बांधाच्या कडेला, घर आणि विजेच्या तारांपासून दूर, ढोली असलेले एखादे वाळके खोड राखता येते. त्यामुळे भुंग्यावर नजर ठेवण्याचे काम वाढते, हे खरे. छत्र चालवणाऱ्यालाही यात्रेकरूंचा खर्च सोसावाच लागे.