आधी कोण उठणार?

दहिसर हे मुंबई महापालिकेच्या हद्दीतले पश्चिम रेल्वेवरचे शेवटचे स्टेशन. चर्चगेटच्या ऑफिसात नऊच्या ठोक्याला पोचायचे, तर इथल्या माणसाला साडेसातच्या आत घर सोडावे लागते. अंधेरीच्या सीप्झमध्ये किंवा मालाडच्या माइंडस्पेसमध्ये रात्रपाळी केलेला माणूस जवळपास त्याच सुमाराला जिना चढत असतो. रावळपाडा, केतकीपाडा किंवा कांदरपाड्यातल्या एखाद्या वन रूम किचनमध्ये ही दोन माणसे नवरा-बायको म्हणून राहतात, तेव्हा एकाचा गजर हा दुसऱ्याच्या झोपेवर घाला ठरतो. पाळ्या नसलेल्या घरांतही एक जण साडेपाचला टक्क जागा आणि दुसऱ्याला आठपर्यंत हलवून उठवावे लागते, असे चित्र सर्रास आढळते. निद्राविकार हा माझा विषय असल्याने या तक्रारीची शास्त्रीय बाजू मांडणे माझे काम आहे. पण आधीच सांगून टाकतो, निव्वळ शास्त्रीय बाजू अपुरी आहे. ‘तू उशिरा उठतोस’ या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात : शरीराचे घड्याळ, नोकरीची पाळी आणि सकाळच्या कामाचा भार. पहिल्या दोहोंवर हल्ली बरेच लिहिले जाते. तिसरीवर फारसे कुणी बोलत नाही, आणि माझ्या मते खरी तेढ तिथेच आहे.

घड्याळापासून सुरुवात करू. १९७१ साली रोनाल्ड कोनोप्का आणि सीमोर बेन्झर यांनी फळमाश्यांमध्ये असे दाखवून दिले की एकाच जनुकातल्या बदलाने माशीचा दिवस लांबतो, आखूड होतो किंवा पार विस्कटतो. त्या जनुकाचे काम नेमके कसे चालते हे उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबाश आणि यंग या तिघांना २०१७चे नोबेल मिळाले. माणसात ‘सकाळचा’ कोण आणि ‘रात्रीचा’ कोण, हे मोजण्याची हॉर्न आणि ऑस्टबर्ग यांची प्रश्नावली १९७६पासून वापरात आहे. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार या फरकाचा सुमारे निम्मा भाग आनुवंशिक असतो. उरलेल्यात वयाचा वाटा मोठा. विशीच्या आसपास घड्याळ सर्वांत मागे सरकलेले असते आणि पुढे वयाबरोबर ते पुन्हा लवकरकडे येऊ लागते. शिवाय विशी ते पन्नाशीच्या दरम्यान पुरुषांचे घड्याळ सरासरीने स्त्रियांपेक्षा काहीसे मागे असते. लग्न होते ते नेमक्या याच वयात. म्हणजे नव्या जोडप्यात थोडीफार तफावत असणे हीच अपेक्षित स्थिती आहे, आणि ती पत्रिकेत कुणी पाहत नाही.

यावर ठरलेला आक्षेप असा, की हे सगळे लाड आहेत. चार दिवस गजर लावून उठले की शरीराला सवय होते. या म्हणण्यात अर्धे तथ्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. कोलोरॅडो विद्यापीठातल्या केनेथ राइट यांनी २०१३ साली आठ जणांना आठवडाभर रानात तंबूत ठेवले. विजेचे दिवे नाहीत, उजेड फक्त सूर्याचा आणि शेकोटीचा. सगळ्यांची घड्याळे सुमारे दोन तास अलीकडे आली आणि ‘रात्रीच्या’ मंडळींची तर जास्तच. म्हणजे आपण ज्याला स्वभाव म्हणतो त्यातला मोठा हिस्सा ट्यूबलाइट आणि मोबाइलने घडवलेला आहे. पण लक्षात घ्या, घड्याळ हलले ते उजेडाने. गजर माणसाला उठवतो, त्याचे घड्याळ हलवत नाही. पहाटे उठून पुन्हा बंद खोलीतच बसणाऱ्याची झोप फक्त कमी होते. त्यात मुंबईची एक जास्तीची अडचण आहे. भारतीय प्रमाणवेळ ज्या रेखांशावर ठरली त्याच्या आपण बरेच पश्चिमेला आहोत, त्यामुळे आपल्या मनगटावरचे घड्याळ सूर्याच्या सुमारे ३९ मिनिटे पुढे धावते. या शहराने आपली स्वतंत्र ‘मुंबई वेळ’ १९५५पर्यंत वापरात ठेवली होती, ती काही निव्वळ हट्टापायी नव्हे. जानेवारीत इथे सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो. सातच्या शाळेसाठी सहाला उठणारे घर त्या दिवसांत अक्षरशः रात्रीच उठलेले असते. ब्राह्ममुहूर्ताचा दाखला देणाऱ्यांनी तो सूर्योदयावरून मोजतात हेही ध्यानात ठेवावे. आणि ज्या काळी तो सांगितला गेला, त्या काळी दिवेलागणीनंतर घर लवकर निजत असे, हेही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : वेळा जुळल्या नाहीत तर माणसे दुरावतात. याला पुरावा आहे. अमेरिकेत १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या लार्सन, क्रेन आणि स्मिथ यांच्या दीडशे जोडप्यांच्या अभ्यासात विजोड वेळांच्या जोडप्यांनी भांडणे जास्त, गंभीर बोलणे कमी, एकत्र गोष्टी करणे कमी आणि शरीरसंबंधही कमी असल्याचे सांगितले. पण याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष सहसा सांगितला जात नाही : वेळा विजोड असूनही ज्यांचा संसार चांगला चालला होता, ती जोडपी अडचणीतून वाट काढण्यात जास्त लवचीक होती. म्हणजे वेळांचा फरक नाते मोडतोच असे नाही. तो आधीचा ताठरपणा उघडा पाडतो. शेजारी झोपण्याचेही असेच दुहेरी आहे. लफबरो विद्यापीठातल्या पँकहर्स्ट आणि हॉर्न यांनी १९९४ साली दाखवले की झोपेतल्या हालचालींपैकी सुमारे एक तृतीयांश दोघांच्या एकाच वेळी होतात. थोडक्यात, एकाची चुळबूळ दुसऱ्याला हलवते. उलट २०२० साली जर्मनीतल्या कील इथे १२ जोडप्यांवर झालेल्या छोट्या अभ्यासात शेजारी झोपल्यावर स्वप्नांची, म्हणजे रेम झोप वाढली आणि कमी तुटली. आणि दोन माणसांनी एकाच वेळी झोपी जाणे हा मानवजातीचा नियम आहे असे वाटत असेल, तर टांझानियातल्या हादझा शिकारी समूहाकडे पाहावे. तिथे ३३ प्रौढांची झोप वीस दिवस मोजली, तेव्हा सगळेच्या सगळे एकदम झोपलेले असण्याची वेळ भरली एकूण १८ मिनिटे. संशोधकांचा तर्क असा की रात्री कुणीतरी जागे असणे टोळीच्या भल्याचेच होते. टोळीत जे पहारा ठरले, ते आपल्या घरात आळस ठरते.

आता मूळ मुद्दा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४च्या वेळ वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ८८, असे आढळले. २०१९च्या सर्वेक्षणात हे आकडे २९९ आणि ९७ होते. दोघांचीही मिनिटे थोडी घटली, अंतर जवळपास तेवढेच राहिले. या २८९ मिनिटांतला बोचरा भाग सकाळी येतो, कारण सकाळची कामे पुढे ढकलता येत नाहीत. पाणी आले की भरावे लागते, डबा लोकलच्या वेळेला तयार लागतो, शाळेची व्हॅन थांबत नाही. तेव्हा बायको पहाटे उठते म्हणून ती ‘सकाळची’ आणि नवरा आठपर्यंत झोपतो म्हणून तो ‘रात्रीचा’, असे मानणे भाबडेपणाचे आहे. तिचे घड्याळ कदाचित त्याच्याहूनही मागे असेल. उठण्यावाचून तिला पर्यायच नसतो. खरा कल सुटीच्या दिवशी कळतो, आणि तोही सुटीला तिला झोपू दिले तर. म्हणूनच मला माझ्याच शास्त्राची एक भीती वाटते. ‘मी काय करू, माझे जनुकच तसे’ ही नवी पळवाट होऊ शकते. तिला उत्तर साधे आहे. जो रात्री ताजातवाना असतो त्याने सकाळचे काम रात्री करावे. भाजी निवडून चिरून ठेवणे, डाळ-तांदूळ काढून ठेवणे, गणवेशाला इस्त्री, दप्तर भरणे, ओटा धुऊन काढणे ही सगळी कामे रात्री अकरालाही होतात. कुणी झोपावे कधी, हे जनुके थोडेफार सांगतील. काम कुणी करावे याबद्दल ती अवाक्षर काढत नाहीत.

सुनेने उशिरा उठणे हा घरच्या थोरांना अपमान वाटतो, हेही मी नाकारत नाही. नरक चतुर्दशीला सूर्योदयापूर्वी न्हायले नाही तर नरकात जातो म्हणणाऱ्या समाजात झोपेला नैतिक वजन असणारच. मात्र साठी ओलांडलेल्या माणसाची झोप वयामुळेच पहाटे संपते. ते शरीराचे देणे आहे, तपाचे फळ नव्हे; त्या मापाने पंचविशीतल्या मुलीला जोखणे चूक. मुलांचे घड्याळ तर सरकारनेही मान्य केले : फेब्रुवारी २०२४च्या शासन निर्णयाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे ठरले. दोन सत्रांच्या शाळा आणि बसचालक यांची कुरकुर झाली, पण निर्णयामागचे कारण रास्त होते.

पाळ्यांच्या घरांना मात्र वेगळा विचार लागतो. २०१७च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यानुसार संमतीने आणि सुरक्षेच्या व्यवस्थेसह स्त्रियांना रात्री साडेनऊनंतर काम करता येते, त्यामुळे रात्रपाळीहून परतणारी व्यक्ती बायकोही असते. परदेशी मासिके अशा जोडप्यांना वेगळ्या खोलीत झोपायचा सल्ला देतात. दहिसरच्या सव्वातीनशे चौरस फुटांत तो सल्ला म्हणजे थट्टा आहे. भिंत घालता येत नसेल, तर वेळ आणि उजेड वाटून घ्यावा लागतो. त्यासाठी मायनर्स आणि वॉटरहाउस यांनी १९८१ साली मांडलेली ‘नांगर झोपे’ची कल्पना मला सर्वांत उपयोगी वाटते. रोजच्या झोपेतले चार तास एका ठरावीक वेळी घेतले आणि उरलेली झोप कधीही घेतली, तरी शरीराच्या लयी बऱ्याच अंशी जागेवर राहतात. पाळ्या बदलणाऱ्या जोडप्याने हे चार तास आधी ठरवावेत आणि त्या वेळात घंटी, कुकर, टीव्ही आणि सासरमाहेरचे फोन बंद. पाळी घेताना निवड असेल तर सकाळ, मग दुपार, मग रात्र असा क्रम मागावा. माणसाचे अंतर्गत घड्याळ सरासरीने २४ तास ११ मिनिटांचे आहे, त्यामुळे पुढे सरकणे त्याला मागे येण्यापेक्षा सोपे जाते. दोघेही जागे असतील असा अर्धा-पाऊण तास रोज राखावा. तो रात्रीचाच असला पाहिजे असे मुळीच नाही. रात्रपाळीच्या घरात सकाळचा चहा हेच काम करतो.

सगळे काही वेळापत्रकावर ढकलू नये, एवढा इशारा मात्र हवा. डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध केला. त्यात साडेसात टक्के पुरुषांना झोपेत श्वास अडकण्याचा आणि त्यामुळे दिवसा पेंग येण्याचा विकार आढळला. घोरणारा, आठ तास झोपूनही उठू न शकणारा नवरा ‘रात्रीचा’ नसून आजारी असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत.

कंपन्यांनी पाळ्यांचे वेळापत्रक निदान पंधरा दिवस आधी हातात दिले, तर यातली कितीतरी भांडणे होणारच नाहीत. आदल्या संध्याकाळी मेसेजवर पाळी कळवणारा साहेब दोन माणसांची झोप मोडतो. ते होईल तेव्हा होवो. तोवर तज्ज्ञाकडे जायचे ठरवलेत तर दोघे मिळून जा, आणि जाण्याआधी दोन आठवडे एका वहीत नोंद ठेवा : कोण कधी झोपले, कोण कधी उठले, आणि तिसऱ्या रकान्यात, उठल्यावर पहिल्या तासात कुणी काय काम केले. पहिले दोन रकाने डॉक्टर वाचतील. तिसरा तुम्ही दोघांनी वाचायचा आहे.