संगणकातली स्थळप्रत

शाळेतून एखादा कागद बाहेर जातो तेव्हा आपण काय करतो? जावक रजिस्टरला नोंद घेतो, क्रमांक टाकतो आणि एक प्रत ‘स्थळप्रत’ म्हणून फाईलला लावतो. केंद्रप्रमुखांना दिलेल्या साध्या पटसंख्येच्या कागदाचीसुद्धा पोच घेऊन ठेवणारी आपण माणसं. जनरल रजिस्टर तर लोखंडी कपाटात, कुलपात. पन्नास वर्षांपूर्वी शाळा सोडलेले आजोबा दाखल्यासाठी आले तरी त्यांची जन्मतारीख सापडते.

आणि त्याच शाळेत वर्षभराच्या आकारिक नोंदी, निकालाची एक्सेल, शिष्यवृत्तीच्या याद्या, स्नेहसंमेलनाचे फोटो मात्र एकाच पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्ह किल्ल्यांच्या जुडग्यात आणि जुडगा गाडीला. याची स्थळप्रत कुठेय?

आमच्या ओळखीच्या एका बाईंचा असाच पेनड्राइव्ह ऐन एप्रिलमध्ये उघडेना. गुण पुन्हा भरता आले, कारण उत्तरपत्रिका शाळेत होत्या. वर्णनात्मक नोंदी मात्र गेल्या. जूनमध्ये तोंडातून शब्द न काढणारी मुलगी दिवाळीनंतर वर्गासमोर उभी राहून गोष्ट सांगू लागली, हे बाईंनी त्या त्या वेळी तारखेसह टिपलं होतं. असं टिपण आठवून पुन्हा लिहिता येत नाही. लिहिलंच तर ती नोंद राहत नाही, नुसतं रचलेलं वाक्य होतं. बाईंनी तीन-चार रात्री जागून सगळे रकाने भरले. रकाने भरले, एवढंच.

म्हणून ‘डेटा’ हा शब्द मला थोडा कोरडा वाटतो. आपल्या बाबतीत तो मुलांचा वर्षभराचा प्रवास असतो.

आता एक गैरसमज, जो मी प्रशिक्षणात हमखास ऐकते. “मॅडम, मी सी ड्राइव्हवरचं डी ड्राइव्हवरपण ठेवलंय, काळजी नाही.” अहो, बऱ्याच संगणकांत सी आणि डी हे एकाच हार्डडिस्कचे दोन कप्पे असतात. कपाटच जळालं तर वरचा खण काय आणि खालचा काय! विंडोज नव्याने टाकताना डी वाचू शकतो, हे खरं. पण डिस्क बिघडली किंवा लॅपटॉप चोरीला गेला तर दोन्ही जातात. आणि डेस्कटॉपवर ठेवलेल्या फायली सहसा सी ड्राइव्हमध्येच असतात, हे दुरुस्तीवाल्याकडे मशीन देण्याआधी लक्षात असू द्या.

पेनड्राइव्हचं तर वेगळंच. त्यावरून फाईल डिलीट केली की ती साधारणपणे रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. अशा वेळी त्यावर नवीन काहीही टाकू नका. पुसलेली फाईल लगेच नाहीशी होत नाही, तिच्या जागी दुसरं लिहिलं गेलं की मगच ती खरी जाते. तोवर रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत मिळण्याची आशा असते. झेरॉक्सच्या दुकानातून आलेल्या पेनड्राइव्हवर सगळे फोल्डर ‘शॉर्टकट’ झालेले दिसले, तर ते डबल क्लिक करू नका आणि घाबरून फॉरमॅटही करू नका. तो व्हायरस बहुतेक वेळा मूळ फायली पुसत नाही, लपवतो. आधी अँटीव्हायरसने तपासा, मग लपलेल्या फायली दिसण्याची सोय चालू करा.

लाईटचं काय सांगायचं! नवीन फाईल उघडली की एक अक्षर टाइप करण्याआधी तिला नाव देऊन सेव्ह करायचं, आणि मग दर परिच्छेदाला कंट्रोल एस. वर्ड-एक्सेलमध्ये आपोआप जपणूक होते ती मुळात दर 10 मिनिटांनी असते. सेव्हच्या सेटिंगमध्ये जाऊन ती 2 मिनिटांवर आणता येते. नाव देतानाही ‘निकाल फायनल’, ‘निकाल फायनल नवीन’, ‘निकाल खरा फायनल’ असं नको. ‘2025-04-20 इयत्ता 3 निकाल’ असं वर्ष आधी लिहिलं की फायली आपोआप तारखेने ओळीत लागतात.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलं म्हणजे जपलं, असं नाही. फोन बदलला की जुनी फाईल बऱ्याचदा उघडतच नाही. गूगल ड्राइव्ह चांगला. 15 जीबी मोफत मिळतात, पण त्यात जीमेल आणि फोटोही येतात. आणि संगणकाशी जोडलेल्या फोल्डरमधून फाईल पुसली की ती तिकडूनही जाते. ट्रॅशमध्ये 30 दिवस असते, त्यानंतर नाही. (मुलांचे आधार क्रमांक असलेली यादी दुकानातल्या संगणकावर उघडली असेल तर लॉगआउट करूनच उठा, ही कळकळीची विनंती.)

पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने रूढ केलेला एक सोपा हिशेब आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. ‘दुसऱ्या जागी’ का, याचं उत्तर मुलांच्या आवडत्या सिनेमात आहे. 1998 मध्ये पिक्सार कंपनीत ‘टॉय स्टोरी 2’चं काम चालू असताना एका चुकीच्या आज्ञेने सिनेमाच्या फायली भराभर पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप होता, पण तपासला तर तोही नीट नव्हता. गॅलिन सुसमन या तिथल्या तंत्र-दिग्दर्शिका तान्ह्या बाळामुळे घरून काम करत, म्हणून त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक गाडीत घालून जपून आणला आणि सिनेमा वाचला. बॅकअप असून उघडून पाहिलेला नसणं, हे मला यात सगळ्यात भयंकर वाटतं.

31 मार्च हा 2011 पासून जागतिक बॅकअप दिन म्हणून पाळला जातो. आपलं त्या दिवशी कॅशबुकच जुळत नसतं, त्यामुळे तो नाद सोडा. मी महिन्याचा शेवटचा शनिवार धरलाय. सकाळची शाळा सुटली की लॅपटॉपवरचं ‘वर्ग’ फोल्डर हार्डडिस्कवर उतरवते आणि त्यातल्या कोणत्याही दोन फायली उघडून बघते. चहा होईपर्यंत होतं. मग हार्डडिस्क घरी, कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत. लॅपटॉपच्या बॅगेत मात्र कधीच नाही.