पाषाणातील बिऱ्हाड

‘दगड’ हा शब्द मराठीत जडत्वाचे दुसरे नाव होऊन बसला आहे. ज्याला काही कळत नाही तो दगड आणि ज्याला पाझर फुटत नाही त्याचे काळीजही दगडाचेच. घरात खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय मांडू पाहणाऱ्या माणसाला मात्र हा समज पहिल्याच पायरीवर सोडून द्यावा लागतो. माशांच्या आधी त्याला दगड निवडावा लागतो आणि त्या दगडाचे नावच ‘लाइव्ह रॉक’, म्हणजे जिवंत दगड, असे असते.

हा दगड म्हणजे मूळचा प्रवाळांचा सांगाडा. वादळात तुटलेले हे चुनखडीचे तुकडे वर्षानुवर्षे समुद्रतळाशी पडून राहतात आणि त्यांच्या असंख्य छिद्रांत बिऱ्हाडे थाटली जातात. वर गुलाबी-जांभळ्या शैवालाचा लेप, कपारींत स्पंज, अळ्या व इवलेसे कवचधारी जीव, आणि सर्वत्र डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. माशांच्या विष्ठेतून निर्माण होणारा अमोनिया माशांनाच विषारी असतो. दगडाच्या पृष्ठभागावरील जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. आत, जिथे प्राणवायू जेमतेम पोहोचतो, तिथले जिवाणू नायट्रेटचे निरुपद्रवी नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. जकार्त्याचे ली चिन एंग यांनी साठच्या दशकाच्या आरंभी अशाच दगडांवर आणि हवेच्या बुडबुड्यांवर मत्स्यालय चालवून दाखवले, तेव्हा ही शांत सेवा हौशी लोकांच्या प्रथम ध्यानात आली.

निवड करताना रंगाला भुलू नये, असे जाणकार सांगतात. आकाराच्या मानाने हलका दगड चांगला, कारण हलकेपणा म्हणजे सच्छिद्रता. त्याला समुद्राचा ताजा वास यावा. सडक्या अंड्यासारखी दुर्गंधी आली तर आतील जीव मेले आहेत असे समजावे. दर लिटर पाण्यामागे सुमारे १२० ते १८० ग्रॅम दगड, असा जुना हिशेब आहे. दगड अधिक सच्छिद्र असेल तर कमीही पुरतो. रचताना तो वाळूवर न ठेवता थेट तळाच्या काचेवर टेकवावा, म्हणजे वाळू उकरणाऱ्या माशांमुळे रास ढासळत नाही. मधून पाणी खेळते राहील अशा फटीही सोडाव्यात.

खरी कसोटी त्याआधीच लागते. समुद्रातून निघून खोक्यातून प्रवास करताना या बिऱ्हाडातील कित्येक जीव मरतात. त्यामुळे आलेला दगड वेगळ्या टाकीत, उबदार, वाहत्या खाऱ्या पाण्यात काही आठवडे ठेवावा लागतो. मेलेले स्पंज ब्रशने काढणे, पाणी बदलणे, अमोनिया व नायट्राइट शून्यावर येईपर्यंत तपासत राहणे, हा नित्यक्रम होतो. या काळात केसाळ अळ्या बाहेर येतात आणि पुष्कळ जण किळसेने त्या मारतात. वास्तविक त्यांतील बहुतेक उष्टे-खरकटे खाऊन टाकी स्वच्छ ठेवतात. फक्त त्यांच्या केसांना उघड्या हाताने स्पर्श करू नये. नको असलेले जीव घालवण्यासाठी दगड उकळणे तर क्रूरही आहे आणि घातकही. काही झोअँथिड प्रवाळांत पॅलिटॉक्सिन नावाचे तीव्र विष असते. ते वाफेबरोबर घरभर पसरून माणसे रुग्णालयात पोहोचली आहेत.

जीवशास्त्र प्रवाळाला प्राणी मानते. ‘जीवविचार’ प्रकरणात त्याची गणना पृथ्वीकायिक जीवांत आहे. वर्गवारी निराळी असली तरी प्रवाळ निर्जीव नव्हे, याविषयी दोन्हीकडे एकमत आहे. म्हणून हौशी माणसापुढचा प्रश्न केवळ ‘दगड कोणता’ एवढाच राहत नाही. एका काचेच्या पेटीच्या शोभेसाठी किती बिऱ्हाडे उठवायची, हाही तो प्रश्न असतो.

कायद्याने त्याचे उत्तर काही अंशी दिले आहे. भारतात २००१ पासून खडक घडवणारी सर्व प्रवाळे वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलून आणणे ही हौस नव्हे, गुन्हा आहे. फ्लोरिडाने १९८९ मध्ये आपल्या हद्दीतील समुद्रातून जिवंत दगड काढण्यास बंदी केली. पुढे तिथे नवी वाट निघाली. जमिनीवरच्या खाणीतील चुनखडक भाड्याने घेतलेल्या समुद्रतळावर टाकायचा आणि त्यावर जीवसृष्टी वसली की तोच उचलायचा. प्रवाळभित्ती त्यामुळे जागीच राहते. दगडावर वसलेले जीव मात्र इथेही उचलले जातातच.

त्याहून साधी वाट कोरड्या दगडाची आहे. स्वच्छ, कोरडा, सच्छिद्र दगड आणावा आणि एखाद्या निरोगी जुन्या टाकीतला मूठभर जिवंत तुकडा विरजणासारखा त्याच्याजवळ ठेवावा. जिवाणूंचा जम बसायला कित्येक आठवडे लागतात, जांभळा रंग चढायला महिनोन्‌महिने. तोवर टाकी उदास दिसते, घरचे विचारत राहतात की मासे कधी येणार. पण या वाटेवर समुद्रातले कोणतेही बिऱ्हाड मोडत नाही. उलट ओसाड दगडात नवे वसते. घाई आवरणे एवढीच त्याची किंमत, आणि ती माणसाने स्वतःच्या खिशातून द्यायची असते, दुसऱ्या जीवाच्या नव्हे.