भोपळ्याला पाणी किती?

रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तरीही एप्रिल उजाडला की आम्ही बादल्या मोजायला लागतो. कातळावरचं पाणी कातळावर थांबत नाही, शीळ धरणाचं नळाला येणारं पाणी जपून वापरावं लागतं, आणि आमच्या मिरकरवाड्यासारख्या किनाऱ्यालगतच्या भागात विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ लागतं. अशा ठिकाणी मी दर जानेवारीत परड्यात लाल भोपळ्याचं बी लावते. पुण्याचा भाचा विचारतो, "मावशी, बाजारात भोपळा मिळत नाही का गं?"

मिळतो की! पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. होड्या किनाऱ्याला लागल्या की आमच्याकडे जेवायला काय करायचं हा प्रश्नच असतो. मे महिन्यात देठासकट काढलेला पिकलेला भोपळा कोरड्या जागी दोन-तीन महिने सहज टिकतो. भाजी, भरीत, घारगे... पाऊस निभावून जातो.

माझा नियम एकच, पिण्याचं पाणी वेलाला घालायचं नाही. ज्या वाडीत बायका हंडे घेऊन नळाची वाट बघतात, तिथे ते मला शोभणार नाही. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठवायचं. मासळी धुतलेलं पाणी म्हणजे तर वेलाचं खतच! मात्र बंदरावरून आणलेल्या मासळीचं पहिलं पाणी खारट असतं, ते टाकून द्यायचं. दुसरं, तिसरं आळ्यात. शेजारच्या भाभीही त्यांच्याकडचं आणून ओततात. सगळं मिळून दिवसाला दीड बादली होते. ती सकाळीच, मुळाशी घालायची. दुपारी ती मोठी पानं अगदी माना टाकतात, जीव कळवळतो. पण संध्याकाळी आपोआप सावरतात. ती तहान नसते, उन्हाचा ताप असतो. बोट मातीत खुपसून बघावं, ओल लागली तर थांबावं. पहिली फुलं गळतात म्हणूनही लोक पाणी वाढवतात. पण आधी नरफुलंच येतात, ती गळणारच. खाली इवलासा भोपळा घेऊन येतं ते मादीफूल.

पाणी घातलं की तण आलंच. माठ उगवला तर मी ठेवते, कोवळा असताना भाजीला होतो. लव्हाळा मात्र नुसता ओढून उपयोग नाही, मातीतली गाठ राहिली की आठ दिवसांत पुन्हा हजर. खुरपीने ती गाठ काढावी लागते. आळ्यात सुक्या पानांचा पातेरा जाड अंथरला की तणही कमी आणि ओलही टिकते. वेल पसरला की त्याला उचलून खालचं तण काढू नये. तो पेरापेरांतून मुळं सोडतो, ती तुटतात. तोवर त्याच्याच पानांची सावली तणाला पुरेशी होते.

सगळ्यांत अवघड काम वेगळंच आहे. आळ्यात चार बिया टोचल्या की बहुतेक वेळा चारही रुजतात. आणि दीड बादलीत वेल पोसतो एकच. म्हणजे तीन धडधाकट रोपं काढून टाकायची. शाळेत मी पुष्कळ मुलांना गणितात भोपळा दिला, पण तू नको म्हणून कोणाला वर्गाबाहेर काढलं नाही. तिथे सगळ्यांना पुरेल इतकं देता येत होतं. इथे चौघांना वाटून दिलं तर चारही वेल फुलतात, पण फळ एकही धरत नाही. हे मला पटतं, तरी त्या दिवशी हात आखडतो. भाभी शेवटी पुढे होऊन म्हणतात, "बाई, तुम्ही आत जा, मी काढते."

असो. गेल्या मे महिन्यात त्या एका वेलाने तीन भोपळे दिले. त्यातला एक हक्काने भाभींकडे गेला.