आवर सुटलेली प्रतिकारशक्ती

मूल जन्माला येते ते उसन्या प्रतिद्रव्यांवर. आईच्या रक्तातली आयजीजी प्रतिद्रव्ये वारेतून त्याच्याकडे आलेली असतात आणि पहिले काही महिने तीच कामी येतात. ॲलर्जीला कारण होणारी आयजीई मात्र वार ओलांडत नाहीत; ती ज्याची त्याने कमवायची. छातीच्या हाडामागे दडलेली थायमस ग्रंथी तेव्हा ऐन जोमात असते. तिथे टी-पेशी तयार होतात आणि स्वतःच्याच शरीरावर उठू पाहणाऱ्या बहुतेक पेशी तिथेच मारल्या जातात. चुकून सुटलेल्यांना दाबून ठेवायला नियामक टी-पेशी असतात. जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या दाखवून दिल्या आणि २०२५ च्या वैद्यकाच्या नोबेलचे ते एक मानकरी ठरले. प्रतिकारशक्ती ‘वाढवणाऱ्या’ काढ्यांच्या जाहिरातींत या पेशींना जागा नसते. ॲलर्जी काय, स्वयंप्रतिकार विकार काय, दोन्हींत शक्ती कमी पडलेली नसतेच. आवर सुटलेला असतो.

पहिली खूण बहुधा कातडीवर दिसते. तान्ह्या बाळाच्या गालांवर आणि पुढे कोपर-गुडघ्यांच्या लवणीत इसब उठतो. अशा फाटक्या कातडीतून शिरलेला अन्नाचा अंश शरीर शत्रू मानते. तोच पोटातून गेला तर बहुधा मानवतो. शेंगदाणे उशिरा द्यावेत हा जुना सल्ला २०१५ मध्ये लंडनच्या एका चाचणीने पार उलटवला. धोका जास्त असलेल्या ६४० बाळांपैकी ज्यांना लवकर शेंगदाणे चारले, त्यांच्यात पाचव्या वर्षी ॲलर्जीचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी कमी निघाले.

शाळकरी वयात शिंका आणि दमा सुरू होतो. हा दोष रक्तात असतो हे १९२१ मध्ये ब्रेस्लाउच्या दोन डॉक्टरांनी स्वतःवरच पडताळून पाहिले. हाइन्झ क्युस्टनर यांना मासे चालत नसत. त्यांच्या रक्तातला द्रव कार्ल प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. एरवी मासे सहज पचवणाऱ्या माणसाच्या अंगावर तेवढ्याच जागी लालभडक गांधी उठली. त्या द्रवातले प्रतिद्रव्य म्हणजे आयजीई, हे कळायला १९६६ उजाडले. इशिझाका दांपत्याने त्याचा माग काढला. मास्ट पेशींवर आयजीई चिकटून बसते. ओळखीचा कण भेटला की पेशी फुटल्यासारखी हिस्टामिन ओतते: नाक गळते, अंगावर पित्त उठते, श्वासनळ्या आवळतात. रक्तदाबच कोसळला तर मात्र गोळीची वाट पाहू नये, ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शनच लागते.

या ओळखीत घोटाळेही होतात. घरातल्या धुळीतले सूक्ष्म किडे आणि कोळंबी यांच्यात एक प्रथिन जवळजवळ सारखे आहे, त्यामुळे धुळीने शिंकणाऱ्या काहींना कोळंबीही सोसत नाही. प्रत्येक ॲलर्जी आयजीईचीच असते असेही नाही. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेत भरलेल्या गाजर गवताने, म्हणजे काँग्रेस गवताने, शेतकऱ्यांच्या चेहऱ्यावर, मानेवर, कोपरांच्या लवणीत जी खाज आणली ती टी-पेशींची. ती तासा-दीड तासात नव्हे, एक-दोन दिवसांनी भडकते आणि वर्षानुवर्षे मुक्काम ठोकते.

शरीर स्वतःवर उलटणार नाही, असे पॉल एर्लिख यांना वाटे. १९५६ मध्ये नोएल रोझ आणि अर्नेस्ट विटेब्स्की यांनी सशांना सशाच्याच थायरॉईडचा अर्क टोचला आणि त्यांची ग्रंथी त्यांच्याच प्रतिकारयंत्रणेने सुजवली. पुढे यादी वाढतच गेली. टाइप १ मधुमेह अनेकदा लहानपणी वा किशोरवयात उघड होतो, पण स्वादुपिंडाविरुद्धची प्रतिद्रव्ये त्याआधी कित्येक वर्षे रक्तात असू शकतात. तहान आणि वारंवार लघवी सुरू होते तेव्हा इन्शुलिन करणाऱ्या बऱ्याच पेशी गेलेल्या असतात. ल्युपस ऐन तारुण्यात गाठतो; त्याच्या दहा रुग्णांत सुमारे नऊ बायका. आमवाताचे दुखणे गरोदरपणी अनेकींना हलके वाटते आणि बाळंतपणानंतर काही महिन्यांत पुन्हा जोर धरते.

उतारवयात थायमसची जागा चरबीने घेतलेली असते. नव्या टी-पेशी जेमतेम तयार होतात आणि लशींचा प्रतिसाद मंदावतो. आयजीईही साधारणपणे उतरते, त्यामुळे काहींच्या शिंका कमी होतात. स्वतःविरुद्धची प्रतिद्रव्ये मात्र निरोगी वृद्धांतही अधिक सापडतात. बहुतेकांना त्यांचा त्रास होत नाही. अपवादही आहेत. पन्नाशीनंतरच दिसणाऱ्या जायंट सेल आर्टरायटिसमध्ये कानशिलाची रोहिणी सुजते, डोके ठणकते, चावताना जबडा दुखतो. स्टेरॉइड वेळेवर सुरू झाले नाही तर दृष्टी जाऊ शकते.